एकच कीबोर्ड, तीन तऱ्हेचे संगणक : तुम्ही कसं जमवता?

पडवीतली_खिडकी
९ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावून विचारते, कारण घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही.

गुहागरला आमच्या माजघरात फणसाच्या फळ्यांचं एक टेबल आहे, आजोबांच्या वेळचं. त्यावर आज तीन संगणक आहेत. एक ऑफिसचा विंडोज लॅपटॉप, दिवसभर त्यावर काम. दुसरा माझा स्वतःचा मॅक मिनी. आमच्या होमस्टेचे फोटो, व्हिडिओ, पाहुण्यांचा हिशेब सगळा त्यावर. तिसरा बाबांचा जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलंय. बाबा निवृत्त शिक्षक. गावातल्या जुन्या घरांत सापडलेले मोडी कागद वाचून ते देवनागरीत टंकतात, रोज पान-दीड पान. रात्री मी ते तपासते, म्हणजे त्या संगणकावर माझाही हात असतोच.

स्क्रीन एकच आहे, तिन्ही त्यालाच जोडलेत. कीबोर्ड मात्र तीन, माऊस तीन. ऑफिसच्या मीटिंगमध्ये घाईघाईने काही टंकायला जावं आणि ते बाबांच्या कागदात जाऊन उमटावं, असं आठवड्यातून दोनदा होतं. त्यात खाऱ्या हवेने दोन वर्षांत दोन कीबोर्ड गेले. आता ठरवलंय, चांगला टिकाऊ असा एकच घ्यायचा आणि तो तिन्हीकडे चालवायचा.

अडचणी अशा. ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही इन्स्टॉल करायला परवानगी नाही. लाइट केव्हाही जाते आणि तिच्यामागोमाग इंटरनेट. आणि बाबांना मराठी इनस्क्रिप्टनेच (बटणांवरच्या अक्षरांची एक ठरावीक मांडणी) टंकायचंय. बासष्टाव्या वर्षी शिकलेत ते, आता दुसरं काही शिका असं मी त्यांना सांगणार नाही.

कोणी असं जमवलंय का?

खाडीपलीकडे
९ जून, रात्री १०:०५

तीन यंत्रांना जोडता येणारा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या, ताई. मी लॉजिटेकचा के३८० वापरतोय. वरच्या ओळीतली एफ१, एफ२, एफ३ ही तीन बटणं तीन यंत्रांची. एकदा जोडणी करून ठेवली की एफ१ दाबलं, लॅपटॉप. एफ२ दाबलं, टॅबलेट. ट्रिपल-एचे दोन सेल लागतात, ते महिनोन्‌महिने संपत नाहीत. काही इन्स्टॉल करायचं नाही, इंटरनेट लागत नाही.

जुना_चाकरमानी
९ जून, रात्री १०:३१

माऊसचं विसरू नका. कीबोर्ड दुसऱ्या संगणकावर जातो, माऊस पहिल्यावरच राहतो. तोही तसाच तीन यंत्रांचा घ्यावा लागतो आणि दर वेळी दोन्हींवर बटण दाबावं लागतं. मी सहा महिने केलं, मग कंटाळलो.

कातळशिल्प
१० जून, सकाळी ७:१५

खाडीपलीकडे यांचा उपाय चांगला आहे, पण या घरासाठी मी तो सुचवणार नाही. कारण लाइट.

लाइट गेली, परत आली, की जुना डेस्कटॉप कधी कधी मध्येच अडतो. 'पुढे जाण्यासाठी बटण दाबा' असा काळा पडदा येतो, किंवा बायोसमधली (उबुंटूच्या आधी सुरू होणारी संगणकाची मूळ व्यवस्था) तारीख पुसलेली असते. त्या वेळी उबुंटू अजून सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे ब्लूटूथही सुरू झालेलं नसतं. ब्लूटूथ कीबोर्डवर कितीही बटणं दाबा, संगणकाला पत्ता नाही. वायरचा कीबोर्ड किंवा यूएसबी डोंगलवाला (संगणकाला छोटी पिन लावून चालणारा बिनवायरी) कीबोर्ड तिथे चालतो, कारण संगणकाच्या लेखी ते दोन्ही साधे यूएसबी कीबोर्ड असतात.

बायोसमधली तारीख सारखी पुसली जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलून घ्या. घड्याळवाल्याकडेही मिळतो.

पडवीतली_खिडकी
१० जून, सकाळी ८:०२

कातळशिल्प, हे अगदी आमच्या घरातलंच सांगितलंत! बाबांच्या संगणकाची तारीख दर पावसाळ्यात मागे जाते आणि मग ब्राउझर एकही साइट उघडू देत नाही. सेलचं डोक्यातच आलं नव्हतं. आजच शृंगारतळीला कोणी जात असेल तर मागवते.

भरतीची_वेळ
१० जून, सकाळी ११:२०

मी सध्या पुण्यात, घर हर्णैला. सॉफ्टवेअरच्या वाटेबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण मला तीच सगळ्यात आवडते.

माझ्याकडे विंडोज, मॅक आणि लिनक्स शेजारी शेजारी आहेत, तिघांना आपापली स्क्रीन. कीबोर्ड-माऊस फक्त विंडोजला जोडलेत. माऊस उजव्या कडेपर्यंत नेला की तो पलीकडे मॅकच्या स्क्रीनवर निघतो आणि कीबोर्डही त्याच्याबरोबर तिकडे जातो. एकीकडे कॉपी केलेला मजकूर दुसरीकडे पेस्ट होतो. हे करणारं मूळ सॉफ्टवेअर सिनर्जी, २००१ मधलं. त्याच्याच कोडवरून निघालेला फाटा बॅरियर, बॅरियरचा फाटा इनपुट लीप. ज्याला कीबोर्ड जोडलाय तो सर्व्हर, बाकीचे क्लायंट, आणि सगळा कारभार घरच्या नेटवर्कवरून, २४८०० या पोर्टवर (नेटवर्कवरच्या दाराचा क्रमांक). सगळे एकाच राउटरवर हवेत, बाहेरचं इंटरनेट लागत नाही.

सगळी यंत्रं विंडोजचीच असतील तर माऊस विदाऊट बॉर्डर्स आहे, चार संगणकांपर्यंत. आता ते पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या साधनांच्या संचातच येतं. सगळी ॲपलची असतील तर २०२२ पासून युनिव्हर्सल कंट्रोल मॅक आणि आयपॅडमध्ये मुळातच आहे. तीन तऱ्हेची यंत्रं एकत्र असली की मात्र सिनर्जीच्या घराण्याकडेच यावं लागतं.

कातळशिल्प
१० जून, दुपारी १२:४४

यात दोन गोष्टींची भर. उबुंटू आता मुळात वेलँडवर (स्क्रीन आणि कीबोर्ड-माऊस सांभाळणारी नवी व्यवस्था, जुनी ती एक्स११) चालतं आणि बॅरियर वेलँडवर चालत नाही. ज्या आवृत्तीत लॉगिनच्या वेळी एक्स११ निवडायची सोय आहे तिथे ते निवडावं, नाहीतर इनपुट लीपची नवी आवृत्ती बघावी. दुसरं, राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असेल (होमस्टेत असतंच) तर त्यावरची यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत, मुद्दामच तशी ठेवलेली असतात. लॅपटॉप चुकून त्या वायफायवर गेला की 'जोडणी होत नाही' म्हणून माणूस तासभर शोधत बसतो.

पडवीतली_खिडकी
१० जून, दुपारी १:१०

भरतीची_वेळ, वाचूनच मोह झाला. पण ऑफिसच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करता येत नाही, तिथेच गाडी अडते. आणि लाइट गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर असला तरी आमचा इन्व्हर्टर मध्येच दम तोडतो. राउटर बंद म्हणजे कीबोर्ड बंद, हे मला नको.

मालवणचो_झिल
१० जून, दुपारी ३:३०

ताई, आमच्याकडे कालपासून लाइट नाय. तीनव संगणक एकदम एकाच बटणान बंद झाले. ह्यापेक्षा सोपो उपाय माका तरी म्हायत नाय 😀

आंबेवाला_देवगड
१० जून, सायंकाळी ६:५५

झिला, आमच्याकडे पण तीच गजाल!

ताई, तुमचं उत्तर यूएसबी स्विच. हंगामात आमच्या पॅकिंग शेडमध्ये एक विंडोज, त्यावर बिलं, आणि एक लिनक्स, त्यावर पेट्यांची लेबलं. दोन्हींना मिळून एकच कीबोर्ड आणि एकच माऊस. मध्ये काडेपेटीहून थोडी मोठी डबी. डबीच्या एका बाजूला कीबोर्ड-माऊस लावायचे, दुसऱ्या बाजूने दोन वायरी दोन संगणकांना. डबीवर एक बटण. दाबलं की सगळं दुसऱ्या संगणकाकडे. बस्स. इन्स्टॉल काही नाही, नेटवर्क नाही, सेल नाहीत. संगणकाला फक्त इतकंच वाटतं की कीबोर्ड काढला आणि परत लावला. चार संगणकांचीही डबी मिळते.

स्क्रीनसकट बदलणारी पेटीही असते, तिला केव्हीएम म्हणतात: कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस. ती महाग पडते आणि स्वस्तातली घेतली तर स्क्रीनची गडबड करते. संगणकाला वाटतं स्क्रीनच गेली, मग तो उघडलेल्या सगळ्या खिडक्या भलतीकडे हलवतो. तुमच्या स्क्रीनला मागे दोन एचडीएमआय आणि एक व्हीजीए असेल तर तिन्ही संगणक थेट स्क्रीनला लावा आणि स्क्रीनच्याच बटणाने बदला. म्हणजे दोन बटणं: एक डबीचं, एक स्क्रीनचं.

एक सांगून ठेवतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पेट्यांचा ढीग लागलेला असताना आम्ही हे दिवसाला शंभरदा दाबतो. पहिल्या डबीचं बटण एका हंगामात ढिलं झालं. ज्याचं बटण लांब वायरीला लावलेलं सुटं असतं तसली घ्या. डबी टेबलाखाली जाते आणि वायरी हलत नाहीत. वायरी हलल्या की आधी पोर्ट जातात.

सोल्डरगन
१० जून, रात्री ९:१८

आंबेवाल्यांशी शंभर टक्के सहमत. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून त्यात एक भर घालतो. डबीमुळे तिन्ही संगणकांच्या जमिनी (विजेचे ग्राउंड) एकमेकांना जोडल्या जातात. एक संगणक माजघरातल्या सॉकेटवर, दुसरा पडवीतल्या सॉकेटवर आणि त्यातल्या एकाचं अर्थिंग कच्चं, असं असलं तर वायर लावताना झिणझिण्या येतात, कधी पोर्टही जळतो. कातळावरच्या घरात अर्थिंग धड लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा तिन्ही संगणक आणि स्क्रीन एकाच बोर्डावर घ्या आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. मिरगाच्या विजा सुरू झाल्या की बोर्डाचा प्लगच उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

टंकयंत्र
११ जून, सकाळी ६:५०

चिपळूणला माझा टायपिंगचा क्लास आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी तळमजल्यावर पंख्यापर्यंत चढलं. चौदा संगणक होते, चौदाही गेले. पाणी ओसरल्यावर कीबोर्ड गच्चीवर ओळीने वाळत घातले होते आणि मुलं येऊन आपापला ओळखत होती. सरकारी टंकलेखन परीक्षा, मराठी ३० आणि ४०, तोंडावर आली की मुलांचा आपापल्या कीबोर्डवर फार जीव असतो.

हे सांगायचं कारण असं. नंतर जे दान मिळालं त्यात सगळ्या तऱ्हेची यंत्रं आली, काही विंडोज, काही लिनक्स, एक जुना आयमॅक. त्यातून माझी खात्री झाली की माणसाचा हात एका कीबोर्डला बसतो. बटणांची उंची, दाब, आवाज. संगणक बदलला तरी चालतं, कीबोर्ड बदलला की वेग पडतो. त्यामुळे ताई, तुमच्या बाबांसाठी एकच कीबोर्ड हा विचार योग्य आहे. फक्त तो त्यांना हाताळायला देऊन मगच घ्या. तुमच्यापेक्षा ते त्यावर जास्त टंकणार आहेत.

इनस्क्रिप्टबद्दल मात्र थोडं बोलायचंय. माझा हात रेमिंग्टनवर बसलाय, मराठी टाइपरायटरची मांडणी होती ती. माझ्या पिढीतल्या कितीतरी कारकुनांचं तसंच. इनस्क्रिप्ट शास्त्रशुद्ध आहे हे मान्य, पण त्याला एकमेव म्हणू नये.

केळफूल
११ जून, सकाळी १०:३३

एकमेव कोणीच म्हणत नाही, सर. पण तीन तऱ्हेच्या यंत्रांचा प्रश्न आला की इनस्क्रिप्टचा फायदा साफ दिसतो. १९९१ पासून ते भारतीय मानकात आहे, त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स आणि फोन, सगळीकडे वेगळं काही न घालता मिळतं. रेमिंग्टन बहुतेक ठिकाणी बाहेरून आणून बसवावं लागतं. मी अलिबागला बसून अनुवाद करते, दोन संगणक, एक कीबोर्ड, आणि दोन्हींवर बोटं तीच.

तिसरी_घंटा
११ जून, सकाळी १०:५८

सगळे 'कीबोर्ड' म्हणताय. कळफलक हा इतका गोड शब्द आहे! कळ दाबली की कळतं.

जुना_चाकरमानी
११ जून, सकाळी ११:०४

कळफलक छानच. पण दुकानात जाऊन कळफलक मागितला तर दुकानदार विजेचा बोर्ड दाखवतो, हा स्वानुभव.

रातांबा
११ जून, दुपारी १२:१५

एक मूलभूत शंका. देवनागरी अक्षरं छापलेला कीबोर्ड घ्यावा लागेल ना? आणि तो मॅकवर चालतो का? कुडाळच्या दुकानात तसले फार कमी येतात.

सोल्डरगन
११ जून, रात्री ८:४०

रातांबा, फार चांगला प्रश्न. याचं उत्तर कळलं की सगळा धागा सोपा होतो.

कीबोर्डला अक्षर कळत नाही. त्याला फक्त बटणाचा क्रमांक कळतो. यूएसबी कीबोर्ड दर वेळी आठ बाइटची एक चिठ्ठी पाठवतो. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट आणि विंडोजचं बटण, डावी चार आणि उजवी चार, यांपैकी कोणती दाबलीत ते. दुसरा बाइट मोकळा. उरलेल्या सहांत दाबलेल्या बटणांचे क्रमांक. 'ए'चा क्रमांक ४, 'बी'चा ५, असं ओळीने. 'के'चा १४.

आता इनस्क्रिप्टमध्ये 'नारळ' टंका. न 'व्ही'वर, काना 'ई'वर, र 'जे'वर आणि ळ 'एन'वर, शिफ्टसकट. कीबोर्डकडून काय गेलं? २५, ८, १३, आणि शिफ्टच्या खुणेसह १७. एवढंच. त्याला नारळही ठाऊक नाही आणि मराठीही. विंडोजवर मराठी निवडलेलं असेल तर नारळ उमटतो. मॅकवर इंग्रजी असेल तर त्याच आकड्यांचं भलतंच काही उमटतं.

म्हणून अक्षरं छापलेला कीबोर्ड लागत नाही, हवं तर वरून स्टिकर लावा. प्रत्येक संगणकावर मराठी एकदा निवडून ठेवावं लागतं. आणि हेच कारण आहे की एक साधा कीबोर्ड तिन्ही तऱ्हेच्या यंत्रांवर चालतो. आकडे सगळ्यांना तेच जातात, अर्थ ज्याचा त्याने लावायचा.

रातांबा
११ जून, रात्री ८:५२

सर, वर्गात असं कोणी सांगितलं नाही. वहीत लिहून घेतलं.

टंकयंत्र
११ जून, रात्री ९:३०

आणि ऱ्य! 'दऱ्या', 'सुपाऱ्या' लिहिताना मुलं अडतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, मग डी, मग तिरप्या रेघेचं बटण. र साधा घेतला तर 'र्य' होतो आणि सुपाऱ्यांचा पार विचका होतो. रेमिंग्टनवाला असूनही सांगतोय, केळफूलताई!

केळफूल
११ जून, रात्री ९:४१

🙏 सर, तुमच्यासाठी सुपाऱ्या नीट लिहीन.

आता मॅकच्या एका खाचखळग्याबद्दल सांगते, कारण पडवीताईंना पहिल्याच दिवशी तो लागणार. विंडोजवर विंडोज बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. उबुंटूवरही नेमकं तेच. मॅकला जोडल्यावर विंडोजचं बटण कमांड होतं आणि कमांड-स्पेस म्हणजे स्पॉटलाइट, शोधायची पट्टी. मराठी सुरू झालं अशा समजुतीत आपण टंकत जातो आणि सगळं त्या पट्टीत जातं. मॅकच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकट्सखाली स्पॉटलाइटचा शॉर्टकट बदला आणि इनपुट सोर्ससाठी, म्हणजे भाषा बदलायला, कमांड-स्पेस द्या. मग तिन्ही यंत्रांवर एकाच खुणेने भाषा बदलते. बाबांना सांगायचंही सोपं: 'खिडकीचं बटण आणि लांब बटण.'

मॅकला बाहेरचा कीबोर्ड पहिल्यांदा लावला की तो डाव्या शिफ्टच्या उजवीकडचं बटण दाबायला सांगतो. घाबरू नका, कीबोर्ड कोणत्या धाटणीचा आहे ते तो ओळखत असतो.

भरतीची_वेळ
११ जून, रात्री १०:२०

कंट्रोल आणि कमांडचं राहिलं. विंडोज-लिनक्सवर कॉपी म्हणजे कंट्रोल-सी, मॅकवर कमांड-सी. एकाच कीबोर्डवर दिवसभर उड्या मारल्या की बोटं गोंधळतात. मॅकच्या सेटिंग्जमध्ये 'मॉडिफायर कीज' आहे, तिथे त्या एका कीबोर्डपुरती कंट्रोल-कमांडची अदलाबदल करता येते. मॅक ते त्या कीबोर्डच्या नावाने लक्षात ठेवतो, स्विचवरून परत आला तरी.

पण लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकायची खिडकी) कंट्रोल-सी म्हणजे चालू काम थांबव. रात्रभर चालायला लावलेला सहा तासांचा बॅकअप पाचव्या तासाला एक ओळ कॉपी करायच्या नादात मी मारला होता. तिथे कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी. बाबा टर्मिनल वापरत नसतील तर प्रश्न नाही.

कातळशिल्प
१२ जून, सकाळी ७:४०

भरतीची_वेळ, अदलाबदल केलीत तर केळफूल यांची कमांड-स्पेसची युक्ती मोडेल. विंडोजचं बटण मग कमांड राहत नाही, कंट्रोल होतं. इनपुट सोर्सचा शॉर्टकट अदलाबदलीनंतर नव्याने नोंदवायचा, बोटांनी तीच दोन बटणं दाबून.

केळफूल
१२ जून, सकाळी ८:१५

बरोबर. क्रम महत्त्वाचा: आधी अदलाबदल, मग शॉर्टकट.

शाळा_सुटली
१२ जून, सायंकाळी ५:१०

थोडं अवांतर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोलीकडे आमच्या वाडीत कित्येक आठवडे लाइट नव्हती. शाळेची कामं सगळी फोनवर. गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज करायचा आणि दहा रुपयांच्या ओटीजी पिनेने शाळेचा यूएसबी कीबोर्ड फोनला लावायचा. चाळीस मुलांची माहिती मी अशी भरली. अँड्रॉइड फोन हाही संगणकच, आणि साध्या कीबोर्डला तो लगेच ओळखतो. पडवीताईंनी ही पिन ड्रॉवरमध्ये ठेवावीच.

फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फिजिकल कीबोर्ड' म्हणून जागा असते, मराठी तिथे निवडायचं. आमच्याकडच्या हेडबाईंना मी हे दाखवलं तेव्हा त्या आधी रागावल्या, 'हे आधी का नाही सांगितलंत' म्हणून.

आंबेवाला_देवगड
१२ जून, सायंकाळी ७:००

खाऱ्या हवेवर कोणी लिहिलंच नाही. माझे प्रयोग सांगतो.

कीबोर्ड उघडला की आत प्लॅस्टिकचे दोन पातळ पडदे असतात, त्यावर चंदेरी रेघा. दमट खारी हवा आत गेली की त्या रेघा काळ्या पडतात आणि एकेक बटण जातं. किनाऱ्याच्या बाजूचं आधी, हे मी स्वतः पाहिलंय: खिडकीकडचा कोपरा पहिला जातो. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच, एक गेला तर एकच बदलायचा. काहींत तर सोल्डरिंगही लागत नाही, चिमट्याने उपसून नवा दाबून बसवायचा. महाग आहे, पण इथे परवडतो.

रात्री कापडाखाली झाकू नका, कापड ओल धरतं. मोठा घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, त्यात कीबोर्ड. पुड्या ओल्या झाल्या की मंद तव्यावर सुकवायच्या. वायरीचं यूएसबी टोक महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं.

मालवणचो_झिल
१२ जून, सायंकाळी ७:२५

सुके बांगडे पण तसेच डब्यात ठेवतत. फक्त डबे अदलाबदल करू नकात.

पडवीतली_खिडकी
४ जुलै, रात्री ९:१५

मंडळी, उशिरा लिहितेय. मध्ये आठ दिवस पाऊस नुसता कोसळत होता.

घेतलं ते सांगते. वायरचा मेकॅनिकल कीबोर्ड, स्विच उपसता येणारा. टंकयंत्र सरांचं ऐकून बाबांना चिपळूणला घेऊन गेले. चार कीबोर्ड टंकून बघितले त्यांनी, प्रत्येकावर एकच वाक्य, 'श्री गणेशाय नमः'. तिसऱ्यावर थांबले, म्हणाले, हा ऐकतो. तोच घेतला. सोबत चार संगणकांचा यूएसबी स्विच, सुट्या बटणाचा. तिन्ही संगणक एका बोर्डावर आणले. वायरमनने अर्थिंग तपासलं तर खरंच कच्चं होतं, विहिरीकडे नवा खड्डा घेतला. सोल्डरगन सर, तुमच्या त्या एका प्रतिसादाने आमचं घर वाचलं असं आई म्हणते.

सेल बदलला. तारीख आता मागे जात नाही.

केळफूलताईंची खिडकीचं बटण-लांब बटण ही खूण तिन्हीकडे लागू झाली. कंट्रोल-कमांडची अदलाबदल केली नाही; मॅकवर अंगठा वळवायची सवय होतेय हळूहळू. गेल्या गुरुवारी चालू मीटिंगमध्ये लाइट गेली. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर, डबीही त्याच्यावरच, आणि माझं टंकणं एका अक्षराने थांबलं नाही. त्या वेळी तुम्हा सगळ्यांची आठवण झाली.

स्विचचं बटण बाबांनी टेबलाच्या डाव्या कडेला दोन स्क्रूंनी बसवलंय, देवघराच्या बाजूला.

आता बाबांचा प्रश्न. या कीबोर्डला अक्षर कळत नाही, फक्त आकडा कळतो, हे मी त्यांना वाचून दाखवलं. दोन दिवस विचार करून काल विचारलं: मग याच्यावर मोडीसुद्धा टंकता येईल का? देवनागरीत उतरवण्याच्या शेजारी मूळ मोडी ओळ ठेवायची त्यांची फार इच्छा आहे.

सोल्डरगन
४ जुलै, रात्री ९:५०

बाबांना माझा नमस्कार सांगा. होय, येईल. मोडी २०१४ मध्ये युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) ७.० आवृत्तीत आली, तिच्या प्रत्येक अक्षराला स्वतःची जागा आहे. नोटो सान्स मोडी हा फाँट फुकट मिळतो. कीबोर्डकडून 'के'चा १४ जातो तो जाऊ दे, उबुंटूला सांगायचं की १४ आला की मोडीचा क उमटव.

कातळशिल्प
४ जुलै, रात्री १०:२२

ती लेआउटची (कोणत्या बटणाला कोणतं अक्षर ते सांगणारी) फाइल मी करून देतो, या शनिवार-रविवारी. इनस्क्रिप्टच्याच जागा ठेवतो, म्हणजे बाबांना नवं काही शिकावं लागणार नाही. मॅकसाठी उकेलेले नावाच्या साधनाने तशीच दुसरी करता येईल, ती नंतर. बाबांना फक्त विचारून ठेवा, ळ कुठे हवाय?

पडवीतली_खिडकी
५ जुलै, सकाळी ६:३५

विचारलं. म्हणाले, 'एन'वर, शिफ्टसकट. आहे तिथेच असू दे.